शकूमावशीचं नेट

शकूमावशी फोन पातेल्याखाली झाकून ठेवायची. नेट बाहेर सांडलं तर शेजारचे वापरतील, अशी तिला धास्ती. पातेलं स्टीलचं, त्यामुळे नेट माझ्यापर्यंतही धड पोचत नाही, हे तिला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, आमच्याच बोळात राहणारी. घरात तारेचं नेट आलं नव्हतं आणि बोळात रेंज यायची ती फक्त तिच्या फोनला. रविवारी दुपारी मी फुटबॉलच्या गेमचा कन्सोल टीव्हीला जोडला, की ती फोन घेऊन हजर. हॉटस्पॉट चालू करायची आणि पासवर्ड माझ्या कानात सांगायची, दागिने कुठे ठेवलेत ते सांगावं तसा.

गोल कुणी केला, हे तिला कधीच कळलं नाही. पण मला हेडफोन लावू द्यायची नाही. आवाज टीव्हीतूनच हवा. कारण समोरून खेळायचा तो तिचा मुलगा नितीन, पुण्याहून. त्यानं परस्पर लग्न केलं तेव्हा ती रागानं म्हणाली होती, "माझ्याशी बोलू नकोस." आणि त्या गाढवानं ते खरं मानलं. तो माझ्याशी बडबडायचा, ही शेंगा सोलत ऐकायची, हूं की चूं नाही. ती इथे बसते हे त्याला कळू द्यायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती.

उन्हाळ्यात मात्र फोन तापून बंद पडायला लागला. मावशी त्याला ओल्या टॉवेलात गुंडाळून माठावर ठेवायची. एका रविवारी ऐन पेनल्टीला नेट अडखळलं आणि नितीन वैतागला, "काय झालं रे नेटला?"

"तापलंय रं. थांब की जरा, गार करते," मावशी बोलून गेली. माझा माइक चालूच होता.

टीव्ही गप्प. मला वाटलं, नेट गेलं. मग अगदी हळू आवाज आला, "आई, जेवलीस का?"

"व्हय. तू?"

मग दोघं बोलतच राहिले. नितीनचा गोलकीपर नुसता उभा होता. मी लागोपाठ गोल मारले, पण माझ्याकडे बघतंय कोण!

पुढच्याच आठवड्यात सून येऊन मावशीला पुण्याला घेऊन गेली. तिच्याबरोबर नेटही गेलं. कन्सोल कितीतरी दिवस धूळ खात पडला होता. त्याचं मला फारसं वाटलं नाही. रविवारी दुपारी मावशीवाचून मात्र करमायचं नाही.