उंबरठ्यावरची खरखर

मी शूटिंगमध्ये आवाज रेकॉर्ड करते. कपड्यांत लपवलेल्या नखाएवढ्या माइकमधून लोकांचं काय काय कानावर येतं: पोटातली गुरगुर, गिळलेला आवंढा, बोलण्याआधी रोखलेला श्वास. मला त्यात भारी रस. भोचकपणा म्हणा हवं तर.

ठाकुर्लीला आम्ही एका लघुपटासाठी गेलो होतो. दिग्दर्शकाने त्याच्या शेजारच्या काकूंनाच आईची भूमिका दिली होती आणि शूटिंगही त्यांच्याच घरात. काकूंच्या ब्लाउजच्या आत, छातीच्या मधोमध मी माइक चिकटवला. घरातले संवाद स्वच्छ आले. पण मुलाला निरोप द्यायला काकू दाराबाहेर गॅलरीत आल्या की माझ्या कानात खर्रर्र! पाच टेक झाले, पाचही वेळा तेच. चिकटपट्टी बदलली, वायर बदलली, वागळे इस्टेटमधून भाड्याने आणलेल्या त्या माइकला मनसोक्त शिव्या घातल्या. घरात शहाण्यासारखा वागतो आणि उंबरठा ओलांडला की बिघडतो, हा कसला माइक?

दिग्दर्शक वैतागला. "जाऊ दे गं. नंतर दुसऱ्या कोणाकडून तरी डब करून घेऊ."

काकूंनी ते ऐकलं. आत खाटेवर बसलेल्या काकांकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांना दिसत नाही रे आता. माझा आवाज नसला तर ह्यांच्यासाठी मी पिक्चरमध्ये नाहीच ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आणखी एक टेक मागून घेतला. या वेळी कान हेडफोनला आणि डोळे काकूंच्या हातांवर. उंबरठ्याशी त्यांचा हात गळ्याकडे गेला आणि मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सारून खाली आला. थेट माइकवर! चोरांच्या भीतीने आमच्याकडच्या बायका बाहेर पडताना करतात तेच. माझी आईसुद्धा करते.

"काकू, मंगळसूत्र आत टाकू नका ना."

"मी कुठे टाकलं?"

त्यांना पत्ताच नव्हता. पुढच्या टेकला त्यांनी हात आवरला, तर संवाद विसरल्या. शेवटी मी माइकच काढला आणि त्यांच्या अंबाड्यात खोचला, वायर पदराखालून घेतली. टेक लख्ख आला. मी तिथल्या तिथे उडीच मारली.

मग हौसेने काकांच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं.

"आवाज हिचाच," ते खुशीत म्हणाले. "पण ही दाराबाहेर नाही गेलेली."

"गेलेल्या ना काका! गॅलरीत उभ्या होत्या."

"छे. बाहेर निघाली की आधी मणी वाजतात. मंगळसूत्र आत सारते ना ती."

सकाळपासून ते तिथेच बसून होते. खरखर कसली असेल, हे त्यांना विचारायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही.