प्रभुभोजनाचा रस आणि आमची तीन रत्नं

प्रभुभोजनाचा रस करायला अर्धा किलो काळ्या मनुका, पाणी आणि एक विश्वासू बाई लागते. मनुका आणि पाणी आमच्या घरात होतं.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची. आमचे हे तेव्हा सुप्याजवळच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. गावात ख्रिस्ती घरं वीस-बावीस, एक लहानसं दगडी चर्च आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि रस घ्यायचा विधी. त्याला द्राक्षांचा रस लागतो, आणि आमच्या गावानं द्राक्षं पाहिली होती ती शाळेतल्या तक्त्यावर! म्हणून मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी उकळायच्या, हातानं कुस्करायच्या आणि स्वच्छ फडक्यातून गाळायच्या. हे काम तीस वर्षं राहेलआत्यांकडे होतं. आत्या कुणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या, पण पाळकांपासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना आत्या म्हणत. (दुसरं काही म्हणायची कुणाची हिंमतच नव्हती.)

मी डोंगराकडच्या अकोले तालुक्यातली, भात खाणारी. लग्नाला दहा वर्षं झाली, तीन मुलगे झाले, तरी आत्यांच्या लेखी मी पाव्हणीच होते. माझी भाकरी पाहिली की त्या म्हणायच्या, "ही भाकर हाय का जिल्ह्याचा नकाशा?" आणि सगळ्या बायका हसायच्या. मीही हसायचे. घरी येऊन रडायचे.

त्या महिन्यात आत्यांचे सांधे धरले. शुक्रवारी दुपारी त्या काठी टेकत आमच्या दारात आल्या आणि पांढरी इनॅमलची किटली माझ्यासमोर ठेवली.

"पोरी, ह्या बारीचा रस तू कर. माझ्या हातात जोर न्हाई ऱ्हायला."

"मी, आत्या?"

"मंग काय भिताडाशी बोलतीय? आन् ध्यानात ठिव, उद्या नगरचं मोठं पाळकसाहेब येनार हायती. रस बिघडला तर मी हाय आन् तू हायेस."

मला आनंदानं हुंदकाच आला. दहा वर्षांनी आत्यांनी मला आपली म्हटलं होतं! या एका किटलीवर माझं चर्चच्या मंडळीतलं स्थान ठरणार होतं, हे मला पक्कं माहीत होतं.

शनिवारी सकाळी मी रस केला. असा झाला होता की स्वतःच स्वतःला शाबासकी दिली. किटली आतल्या खोलीत फळीवर ठेवली, वर ओलं फडकं टाकलं आणि तिन्ही मुलांना ओळीत उभं केलं. विल्सन नऊ वर्षांचा, प्रकाश सात आणि बेनू चार.

"याला हात लावायचा नाही. हा देवासाठी आहे. कळलं?"

"कळलं," तिघं म्हणाले. तिघं एकदम 'कळलं' म्हणाले की समजावं, वेगळंच काहीतरी कळलेलं आहे. पण मी धुण्याची बादली उचलली आणि ओढ्यावर निघून गेले.

चारच्या सुमाराला परत आले तर अंगणात विलक्षण शांतता. तीन मुलांच्या घरात! मागे जाऊन बघते तर कडुनिंबाखाली आळीतली अकरा पोरं रांगेत, मांडी घालून, डोळे मिटून बसलेली. समोर विल्सन, अंगात बापाचा काळा कोट, टाचेपर्यंत. प्रकाशच्या हातात ताट, ताटात माझे सगळे पेले. आणि शेजारी, आडवी पडलेली, पांढरी किटली!

"विल्सन! रस कुठाय?"

"मंडळीनं घेतला."

"कुठल्या मंडळीनं?"

त्यानं कोटाची बाही वर करून निंबाखाली हात दाखवला. मंडळीतल्या दोघांनी लगबगीनं ओठ पुसले.

"आम्ही चोरून नाही प्यायलो, आई," प्रकाश म्हणाला, "आधी प्रार्थना केली."

"अरे पण सगळा? सगळाच्या सगळा?"

"मंडळीला आवडला. त्यांनी परत मागितला."

"मला दोनदा!" बेनूनं छाती पुढे काढून सांगितलं.

"मी सांगितलं होतं ना, हा देवासाठी आहे म्हणून?"

"मग?" विल्सन गोंधळून म्हणाला. "देवासाठीच तर वापरला!"

माझा हात वर गेला होता, पण मारायला वेळ नव्हता. सहाच्या एस.टी.नं पाळकसाहेब येणार होते. त्यांना आणायला हे फाट्यावर गेले होते, आणि त्यांचा मुक्काम आमच्याच घरी! मी अकरा जणांच्या मंडळीला घरोघर पिटाळलं आणि पदर खोचून वाण्याकडे पळाले.

"मनुका? त्या कालच मास्तर घेऊन गेले की, व्हत्या न्हव्हत्या त्या समद्या," वाणी म्हणाला. "आता बुधवारी नगरहून माल यील. शेंगदानं देऊ का?"

(भला माणूस! पण शेंगदाण्याला कितीही कुस्करलं तरी रस सुटत नाही.)

परत फिरले ती वैद्यबुवांच्या ओसरीवरून. फळीवर बाटल्या मांडलेल्या होत्या आणि एका मोठ्या बाटलीवर लिहिलं होतं, द्राक्षासव. मी थबकले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला तर आख्खी बाटली दिसली! त्या घटकेला मला त्या शब्दातलं फक्त द्राक्ष दिसलं. पुढचं आसव मी वाचलं, पण न वाचल्यासारखं केलं.

"बुवा, हे द्राक्षांचंच असतं ना?"

"मनुकांचं. पोटाला उत्तम. कुणाचं बिघडलंय?"

"बिघडलंय खरं," मी म्हटलं. "ह्यात दारू तर नसते ना?"

"छे छे! दारू कोण घालतो? ते आपोआप तयार होतं."

"काय आपोआप तयार होतं?"

"तेच," बुवा म्हणाले आणि खल घेऊन कुटायला लागले.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. मी आमच्या महिला मंडळाची दारूबंदीची सेक्रेटरी होते. मद्याचा थेंबही घरात येऊ देणार नाही, ही शपथ सगळ्या बायकांना मीच दिली होती. त्या शपथेचा भला मोठा तक्ता, माझ्या सुवाच्य अक्षरात, चर्चच्या भिंतीवर टांगलेला होता. आणि तीच मी पदराआड बाटली धरून, मागच्या बोळानं, दोन्हीकडे बघत घरी चालले होते!

किटलीत बाटली उपडी केली, उकळून गार केलेलं पाणी घातलं, गुळाचा खडा विरघळवला. रंग अगदी बरोबर आला. वास मात्र लवंग-दालचिनीचा.

"आई, वैद्यबुवांच्या ओसरीचा वास येतोय," विल्सन म्हणाला.

मी तिघांना कोपऱ्यात घेतलं. "हे बघा, उद्या या रसाबद्दल तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. कुणापुढेही नाही. बाबांपुढेही नाही."

"म्हणजे खोटं बोलायचं?" प्रकाशनं विचारलं. (रविवारच्या शब्बाथ शाळेत त्याला खरेपणाचा धडा कोणी शिकवला होता? मीच!)

"खोटं नाही रे. गप्प बसायचं."

"आणि कुणी विचारलंच तर?"

"तर... खोकायचं!"

रविवारी सकाळी आम्ही पाचही जण पुढून दुसऱ्या रांगेत बसलो. बरोबर समोरच्या भिंतीवर माझा तक्ता. जिकडे मान वळवावी तिकडून तो माझ्याकडेच बघत होता. पाळकसाहेब उंच, दाढीवाले, आवाज घंटेसारखा. उपदेश सुरू झाला. मी एक शब्द ऐकला नाही. वेदीपुढच्या मेजावर पांढऱ्या कापडाखाली झाकलेल्या पेल्यांकडे बघत बसले होते. मधेच साहेबांनी आवाज चढवला, बोट रोखलं आणि सगळ्यांवरून फिरवत आमच्या रांगेपाशी आणून थांबवलं.

"मी तुम्हांला विचारतो! तुम्ही काय लपवून ठेवलं आहे?"

विल्सन खोकला. लगेच प्रकाश खोकला. मग बेनू असा खोकला, असा खोकला, की पाठीमागून कुणीतरी त्याची पाठ चोळली.

"मुलांना सर्दी आहे का?" साहेबांनी थांबून विचारलं.

तिघं पुन्हा खोकले. ह्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मग मीही खोकले. दुसरं काय करणार?

पुढे प्रभुभोजनाची वेळ आली. आमचे हे मंडळीचे 'वडील', म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, म्हणून इवल्याशा पेल्यांचं तबक घेऊन रांगेरांगेतून तेच फिरत होते. बिचाऱ्यांचा चेहरा इतका गंभीर, इतका पवित्र, की माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. त्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं. मी डोळे मिटून म्हटलं, देवा, ही फसवणूक माझी आहे, ह्यांच्या माथी मारू नकोस. माझा पेला मी घेतला. घशातून खाली उतरताना तो वाटेत प्रत्येक ठिकाणी थांबून गेला.

डोळे उघडून एकेकाकडे बघायला लागले. पाळकसाहेबांनी पेला रिकामा केला, त्यात वाकून पाहिलं आणि किंचित भुवया उचलल्या. मेले! राहेलआत्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले ते उघडेचनात. मेले, मेले! आमचे म्हातारे योहानकाका, पलटणीतून पेन्शन घेतलेले, गीताच्या वेळी एरवी नुसते ओठ हलवायचे. त्या दिवशी ते ताठ उभे राहिले आणि छप्पर उडेल अशा आवाजात गायले. तेही सगळ्यांच्या एक ओळ पुढे! माझी खात्रीच पटली. चढली! साठ माणसांच्या मंडळीला माझ्या हातून, शपथेच्या तक्त्याखाली, भर सकाळी चढली! कुणी उठताना बाकाला धरलं की मला वाटे, झालं. कोपऱ्यातलं तान्हं रडलं तरी वाटलं, यालाही कुणी पाजली की काय.

उपासना संपली. मी मुलांची बखोटी धरून मागच्या दारानं सटकणार, तोच बाहेरच्या पायरीवर आत्या. शेजारी पाळकसाहेब. मागे सगळं महिला मंडळ, आणि रिकामं तबक हातात घेऊन आमचे हे.

"सलाम, बाई," साहेब म्हणाले.

"स... सलाम, साहेब."

"पोरी," आत्या म्हणाल्या, "त्या रसाचं जरा बोलायचं हुतं."

विल्सन खोकला. प्रकाश खोकला. बेनू खोकला. पोरं जिवाच्या आकांतानं मला वाचवत होती! पण मला कुठलं राहवतंय?

"आत्या, चुकले मी!" मी हंबरडाच फोडला. "रस पोरांनी प्यायला हो! निंबाखाली चर्च-चर्च खेळले, अकरा जणांना वाटला, दोन दोनदा वाटला! वाण्याकडे मनुका नव्हत्या. मग मी वैद्यबुवांकडून द्राक्षासव आणलं आणि त्यात पाणी घातलं, गूळ घातला, आणि तुम्हां सगळ्यांना पाजलं! दारूबंदीची सेक्रेटरी असून पाजलं! यांचा काही दोष नाही, पोरांनाही मीच खोकायला सांगितलं!"

ह्यांच्या हातातलं तबक हळूहळू तिरपं होत गेलं आणि चार पेले पायरीवर पडले.

"आगं ये बये," आत्या म्हणाल्या, "मी म्हनत हुते, रस ग्वाड झाला हुता, तवा किटली लगीच धुऊन ठिव. मुंग्या लागत्यात."

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. त्यांचे खांदे हलत होते, ते रागानं की कशानं, हे वर बघून तपासायची माझी छाती नव्हती. योहानकाका तेवढे पुढे झाले आणि म्हणाले, "मास्तरीनबाई, त्या वैद्याचं घर कंच्या आळीला?" त्यांच्या बायकोनं त्यांना दंडाला धरून ओढत नेलं.

महिला मंडळानं त्याच पायरीवर मला नव्यानं शपथ घ्यायला लावली. मजकूर पाठ होता, एवढाच काय तो दिलासा! घरी गेल्यावर हे दोन दिवस माझ्याशी फक्त मुलांमार्फत बोलले, आणि मुलं काही विचारलं की खोकत, त्यामुळे तेही बोलणं पुढे सरकेना.

पुढच्या महिन्यातल्या शुक्रवारी आत्या पुन्हा काठी टेकत आल्या. त्यांनी फळीवरची किटली स्वतःच काढली, आत वाकून बघितलं, वास घेतला आणि काखेत मारली.

"आत्या, तुमचे सांधे..."

"दुखू द्येत." दारातून वळून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, त्यानंच मला जास्त रडू आलं. "रसाचं मी बघते, लेकी. तू आपली पोरं सांभाळ."

मी पदरानं डोळे पुसत मान हलवली. त्यांना काय सांगणार? पोरं तर सांभाळलेलीच होती हो! तिघांनीही शेवटपर्यंत तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. त्या घरात सांभाळायची राहून गेली होती ती मी!