लीलाधरभाऊंची एसी केबिन आणि बायांची केळी

धरणगावजवळ केळीची रोपं बाटलीत वाढवणारी एक प्रयोगशाळा आहे. लीलाधरभाऊ तिथले मनुष्यबळ अधिकारी. म्हणजे आधी हजेरी घ्यायचे, आताही तेच घेतात, फक्त केबिनला एसी लागलाय. मे महिन्यात बाकीचं खान्देश घामाने निथळत असतं, तेव्हा भाऊ शाल पांघरून बसतात. एसीचा रिमोट शर्टाच्या खिशात, छातीशी.

दसऱ्याच्या तोंडावर संकट आलं. कापूस फुटला की प्रयोगशाळेतल्या निम्म्या बाया दरवर्षी वेचणीला पसार व्हायच्या. मालक अखिलशेठ म्हणाले, "लीलाधर, यंदा खुर्च्या रिकाम्या दिसल्या ना, तर तुझी केबिन स्टोअरला देऊन टाकतो. खताच्या गोण्या ठेवतो. समजला का?"

भाऊंचा हात खिशातल्या रिमोटवर गेला.

मदतीला पुण्याहून शेठचा भाचा रोनक आला. "लीलाधरजी, बेसिकली ब्रँड बाहेर नसतो, आत असतो. एम्प्लॉयी इज द फर्स्ट कस्टमर. त्यांना ओनरशिप फील व्हायला हवी, राइट?"

"राइटच राइट," भाऊ म्हणाले.

फील यावा म्हणून टी-शर्ट आले. पाठीवर मोठ्ठं घोषवाक्य, 'आम्ही उद्या रुजवतो'. आठवड्याभरात गावातले सगळे नवरे ते घालून पारावर पत्ते कुटायला लागले. बाया आपल्या साडीवर पांढरा एप्रन चढवून तशाच कोंब कापत बसल्या.

शेवटी भाऊ सुलक्षणाअक्कांकडे गेले. अक्का तिथल्या सगळ्यात जुन्या. "अक्का, माझी अब्रू राखा. काय दिलं म्हणजे थांबाल?"

"भाऊ, बाटलीवर आम्हना नुसता नंबर शे. बुरशी लागनी का तुम्ही नंबर इचारतस, बोलणं ऐकाडतस. रोप चांगलं निंघनं, तैं कोनी इचारत नही."

त्या दिवशी भाऊ हजेरीचा पुठ्ठा उघडून एकेका नंबरापुढचं नाव वाचत बसले. एसी सोळावर असूनही त्यांना घाम फुटला होता.

दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांकडे निघालेल्या रोपांच्या ट्रेवर नंबराऐवजी बायांच्या नावाच्या पट्ट्या लागल्या. रोनकने लगेच फोटो काढले. "सी? हीच माझी स्ट्रॅटेजी!"

कांदेबागेची, म्हणजे दसऱ्याच्या सुमाराच्या केळीची, लागण चालू होती. पंधरवड्यात चोपड्याकडचा एक शेतकरी फोनवर ओरडला, "भाऊ, सुलक्षणाबाईंची रोपं मस्त लागली! अजून ट्रे पाठवा, पण त्याच बाईंचे हां! आणि थंडीत बठ्ठ्यांना, सगळ्या बायांना घेऊन भरीत खायला या." निरोप प्रयोगशाळेत पोचला आणि आग लागली. अक्काचीच का? आमची रोपं काय वाकडी? वेचणीला निघालेली एकजण फाटकातून परत फिरली. "मी कापसाले गऊ, ते मन्हा ट्रेवर दुसरीनं नाव लागी!"

खुर्च्या भरल्या. शेठ येऊन पाहून गेले. जाताना एवढंच पुटपुटले, "कंपनीचं नाव कोणी घेत नाही, अँ?" पण केबिन वाचली.

आता रोज दुपारी त्या केबिनमध्ये गर्दी असते. हिच्या पट्टीचं अक्षर मोठं, तिचा ट्रे आधी गेला, मला चोपड्याचं गिऱ्हाईक का नाही. "भाऊ, एसी वाढवा ना जरा, डोकं तापलंय," म्हणत एकीने रिमोटही ताब्यात घेतलाय.

लीलाधरभाऊ बाहेर निंबाखाली खुर्ची टाकून, हजेरीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसतात.