बाईच्या हातचं पाणी

बकुळामावशीला अंबरनाथ पश्चिमेत सगळे बायबलबाई म्हणायचे. घरोघर जायचं, बायकांना वाचायला शिकवायचं, शास्त्र सांगायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, हे तिचं काम. पाळक शांतवन कल्याणला राहायचे. महिन्यातून एका रविवारी यायचे, बाप्तिस्मा असला तर तो द्यायचे, प्रभुभोजन द्यायचे आणि जेवून परत. बाकी सगळा महिना मंडळी मावशीच्या गळ्यात. मी तिच्याकडेच वाढले, तेव्हा बोलण्यात तिची बाजू दिसली तर दिसू दे.

मावशीला पाळक व्हायचं होतं. एकदा सभेत उभं राहून तिने ते सांगितलंही. मंडळीच्या पंचांतले नाथासाहेब, कारखान्यात हेडक्लार्क, म्हणाले, "बाईमाणसाला पाळकाची दीक्षा देत नाहीत. सेवा करताच आहात की तुम्ही. पण पाळकाच्या कामाला हात लावलात, तर हेही काम जाईल, सांगून ठेवतो." मावशी खाली बसली. त्या रात्री पिठल्यात मीठ नव्हतं, आम्ही ते तसंच खाल्लं. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही. मरमर राबायचं बाईने, आणि भांडंभर पाणी ओतायला पुरुष हवा.

बदलापूरजवळच्या मांजर्लीच्या सखूचा मुलगा तापाने गेला, तेव्हा मावशी रोज तिच्याकडे जाऊन बसायची. पुढे सखूच शास्त्र ऐकवायला सांगू लागली आणि छप्पन्न साली म्हणाली, मला तुमच्यात घ्या. भावकीने बोलणं टाकलं, तरी ती बधली नाही.

बाप्तिस्म्याच्या रविवारी सखू नवं लुगडं नेसून आली, गुडघे टेकून बसली. शांतवन पाळक पाण्याचं भांडं घेऊन पुढे झाले, तशी ती उठून उभी राहिली.

"यो कोन?" तिने मावशीला विचारलं.

"हे पाळक. हेच बाप्तिस्मा देणार."

"आनि तू?"

मावशी देणार नाही, हे सखूला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळं तीच करते म्हटल्यावर हेही तीच करणार, असं ती धरून चालली होती. "मी यांना वलखत नाय," ती म्हणाली. "चिखल तुडवत तू आलीस. मना तुझ्याच हातचं पानी पायजे. नायतं मी चालली घरा."

नाथासाहेब चष्म्यावरून मावशीकडे बघत राहिले. भांडं घ्यावं तर काम जाणार, न घ्यावं तर सखू जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

मावशी सखूशेजारी गुडघ्यांवर बसली. "सखूबाई, पाणी माझं नाही आणि यांचंही नाही. देवाचं आहे. बस."

सखू बसली. पण बसताना तिने मावशीचा उजवा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला आणि मनगट धरून पाळकांना म्हणाली, "घाल आता."

"हात काढा, बाई," नाथासाहेब म्हणाले. मावशीने ओढून पाहिला. जन्मभर भात लावलेल्या बाईची पकड ती, सुटते कसली.

"राहू द्या," शांतवन पाळक म्हणाले आणि त्यांनी पाणी ओतलं. ते मावशीच्या हातावर पडलं आणि बोटांच्या फटींतून सखूच्या केसांत उतरलं.

उपासना संपल्यावर नाथासाहेबांनी विषय काढलाच. "पाणी आधी बाईंच्या हातावर पडलं. हा बाप्तिस्मा धरायचा कसा?"

सखू पदराने तोंड पुसत होती. "मी भिजली ना? मंग झालं."

पाळकांना हसू आलं. पुढे कुणी काही काढलं नाही आणि मावशीचं काम राहिलं. निघताना सखूने ओले हात तसेच मावशीच्या डोक्यावर ठेवले, देव तुझं भलं करो म्हणाली आणि बदलापूरच्या गाडीला गेली.

दोनेक वर्षांनी कल्याणला एका तरुणाला पाळकपदाची दीक्षा होती. मावशीनेच त्याला शास्त्र शिकवलं होतं. तो गुडघे टेकून बसला आणि वडीलधाऱ्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले. मावशी टक लावून बघत होती.

"एवढंच असतं होय?" ती माझ्या कानाशी म्हणाली. "मग मला दीक्षा सखूने दिली की गं."

म्हणाली आणि हसली. मग पदर तोंडाला लावून जी रडायला लागली, ती शेवटचं गीत संपेपर्यंत थांबली नाही.