बाकावरचा वॉकमन

ड्रॉवर आवरताना जुना वॉकमन हाती लागला, गळालेल्या सेलच्या आंबूस वासासकट. चंदीगडला आमच्या ऑफिसात तो दोघांकडेच होता. दुसरा वॉकमनवाला सहकारी कुरकुरायचा, “यार, हा सेल फार खातो.” मी म्हणायचो, “पण इतका छोटा, की कुठेही ठेवा, कळतसुद्धा नाही!” हे मत मी खरंही करून दाखवलं. बावीस सेक्टरजवळच्या बसस्टँडवर तिकिटासाठी उठलो आणि तो बाकावरच विसरलो. पंजाबातल्या दहशतवादाची वर्षं ती. बेवारस वस्तू दिसली की लोक बॉम्बच समजत. परत आलो तर बाकाभोवती लांबवर गर्दी, आणि वाळूच्या पोत्यांआडून हवालदार ओरडत होता, “किसका है?” “मेरा, जी,” म्हणालो, तसे लोक माझ्यापासूनही लांब सरकले. “चला के दिखा, नहीं तो थाने चल!” मी बटण दाबलं. काही फुटलं नाही, तेव्हा त्यानं येऊन हेडफोन स्वतःच्या कानांना लावला. आत सासूबाई होत्या. पत्राचा कंटाळा म्हणून त्या साताऱ्याहून बोलणं कॅसेटवर भरून पाठवत, आणि त्या खेपेला माझ्यावर घसरल्या होत्या. “कौन सी बोली है? कौन डाँट रही है?” “मराठी, जी. मेरी सास.” “किसको?” “मुझे, जी.” त्यानं आणखी मिनिटभर मन लावून ऐकलं आणि हेडफोन हलकेच माझ्या गळ्यात अडकवला. “मशीन वधिया है, भरावा,” झकास आहे, भाऊ, असं तो पंजाबीत म्हणाला. “कैसेट बदल ले.” सासूबाई आता नव्वदीच्या आहेत. हवालदाराचं मत त्यांना सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.