शेवंताच्या दोन ओळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. एवढंच.

कुठून सुरुवात करू? इथे जर्मनीत, डार्मश्टाटला, आमच्या इराला — अकरा वर्षांची आहे — शाळेत रेफराट होतं, म्हणजे एका पुस्तकावर वर्गापुढे बोलायचं. कादंबरी एका गुलाम मुलीची. विकत आणलेली, घरकामाला जुंपलेली पोर कविता करते. मग मोठी माणसं तिला समोर उभं करून विचारतात, हे तूच केलंस कशावरून?

"आई, किती गेमाइन आहेत ना ही माणसं! दुष्ट!" इरा म्हणाली.

मी इस्त्री करत होते. कापड करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आले. ती माणसं — मला चांगली ठाऊक होती.

आमच्या घरी शेवंता होती. माझ्याच वयाची, दहाची. मी शाळेत, ती मोरीत. गुलाम नव्हती हो — असं म्हणता येईल ना मला? पण तिच्या शाळेचं नाव कुणी काढत नव्हतं. भांडी घासता घासता ती गाणी रचायची.

हौदात वाकले, आई दिसली
घागर बुडवली, आई हलली

मी ते वहीत उतरवलं आणि खाली माझं नाव घातलं. शाळेच्या अंकात छापून आलं. बाबांनी पाहुण्यांपुढे कौतुकानं वाचलं. शेवंता चहा घेऊन आली होती. ट्रे हातात धरूनच म्हणाली, "माझं हाये ते."

इथवर नुसती चोरी. चोऱ्या मुलं करतात — नाही का? पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. "खोटं बोलतेय ती," मी म्हणाले. "तिचं असेल तर लिहून दाखवू दे." आणि आत जाऊन पेन्सिल मीच आणली. तिला एक अक्षर येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

ती पेन्सिलकडे बघत राहिली. पाहुणे हसले. आठवड्याच्या आत तिला दुसऱ्या कुणाच्या घरी कामाला धाडलं. कुठे, ते मी विचारलंसुद्धा नाही.

रेफराटला आम्हा पालकांनाही बोलावलं होतं. इराच्या पोस्टरवर, अगदी खाली, मोठ्या अक्षरांत त्याच दोन ओळी — जर्मनमध्ये. मला न सांगता तिनं आजीकडून मागवल्या होत्या. "माझी आईही लहानपणीच कवयित्री झाली," ती वर्गाला म्हणाली. सगळं ओठांवर आलं होतं — खरंच आलं होतं. तेवढ्यात शिक्षिका म्हणाल्या, मराठीत ऐकवाल?

मी उभी राहिले. ऐकवल्या. मुलांनी इथल्या रीतीनं बाकं ठोकून दाद दिली. पुन्हा, म्हणालं कुणीतरी.

मी पुन्हा म्हटल्या. या वेळी चालीवर, शेवंता म्हणायची तशा.