वाकड्या नळीतलं पाणी

लाउरो हासेने कापड गिरणीत चाळीस वर्षं माग दुरुस्त केले आणि त्या सगळ्या काळात दारूचा थेंब तोंडात घेतला नाही. दक्षिण ब्राझीलमधल्या आमच्या इताजाई खोऱ्यात हे सोपं नाही. इथे बारशापासून दफनापर्यंत बिअर लागते. आमच्या नेमबाजी मंडळात त्याच्यासाठी ग्वारानाच्या सरबताची बाटली वेगळी ठेवलेली असे. "लाउरोचं औषध आणा रे!" असं कुणीतरी ओरडायचं आणि तोही हसून प्यायचा. त्याचा बाप पिऊन पिऊन मेला होता. सगळ्यांना ते ठाऊक असल्याने थट्टा तेवढ्यावरच थांबायची.

त्याचा एकुलता मुलगा एव्हान्द्रो मात्र घरामागच्या शेडमध्ये स्वतः बिअर करायला लागला. लाउरो भांडला नाही. "तुला काय करायचं ते कर. मी त्या शेडमध्ये पाय ठेवणार नाही," एवढंच म्हणाला, आणि चार वर्षं खरोखरच ठेवला नाही. बापलेक एका टेबलावर जेवत, फुटबॉलवर वाद घालत, पण शेडचा विषय निघत नसे. मी शेजारी, शिवाय मंडळाचा सचिव. मी शेडमध्ये जायचो. पोरगा एकेक गोष्ट समजावून सांगायचा आणि शेवटी अर्धा ग्लास हातात द्यायचा.

गेल्या मोसमात एव्हान्द्रोचा नेम सर्वांत चांगला लागला आणि तो मंडळाचा राजा झाला. पुढच्या उत्सवाला सगळे सभासद गणवेशात, बँड लावून राजाला त्याच्या घरून आणायला जातात. राजाने त्यांना आपल्या फाटकाशी खाऊपिऊ घालायचं, मग मिरवणूक मंडळाकडे निघते. एव्हान्द्रोने ठरवलं की आपण आपलीच बिअर पाजायची. पण उत्सव मार्चच्या पहिल्या शनिवारी, म्हणजे ऐन उकाड्यात. ही बिअर आधी कित्येक आठवडे थंडीत मुरावी लागते. म्हणून त्याने कुणाचा तरी टाकून दिलेला आडवा फ्रीझर आणला आणि त्याची थंड पेटी करायला घेतली.

नाताळानंतर तिसऱ्या दिवशी त्याने बिअरचं तीस लिटरचं पिंप आंबायला लावलं. पेटीसाठी दोन फळ्या कापल्या. नऊ जानेवारीला घाटाच्या वळणावर लाकडाच्या ट्रकखाली त्याची मोटारसायकल आली. तो एकतीस वर्षांचा होता.

पुढच्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. मिरवणुकीचा कमांडर आडेमार म्हणाला, "राजा नाही म्हणून काय झालं? घर आहे ना त्याचं? जायचं. ढोल नको. प्यायचं आपण घेऊन जाऊ."

हे सांगायला मी लाउरोकडे गेलो. त्याची बायको नील्झा स्वयंपाकघरात बसली होती. तिने हनुवटीनेच शेडकडे दाखवलं.

लाउरो फ्रीझरसमोर गुडघ्यांवर बसला होता. माझा निरोप त्याने ऐकला आणि म्हणाला, "काही आणू नका. पोराची आहे ना पिंपात. तीच देणार."

"पण लाउरो, ती अजून व्हायचीय."

"म्हणून तर पेटी करतोय. हे बघ, ऑस्मार. फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडायचं नाही, आत गॅसच्या नळ्या असतात. म्हणून झाकणाखाली लाकडाची चौकट बसवायची आणि तोटी चौकटीतून काढायची. सगळ्या खुणा पेन्सिलने करून ठेवल्यात त्याने. मिलिमीटर चुकलेला नाही." त्याने खुणेवरून बोट फिरवलं. "मला कधी सांगितलं नाही रे, की याचा हात असा आहे."

तू विचारलंस कधी, हे माझ्या ओठांवर आलं होतं. 

चौकट चार दिवसांत झाली. तापमान सांभाळणाऱ्या यंत्राने मात्र छळलं. पेटी एकदम गार पडायची, मग तापायची, पुन्हा गार. दोन आठवडे लाउरो रोज पहाटे तारा सोडून पुन्हा जोडत होता. शेवटी काटा दोन अंशांवर थांबला आणि त्याने मला हाक मारली.

झाकण उघडून त्याने पिंपाच्या डोक्यावरची वाकडी नळी दाखवली. आतला वायू तिच्यातून बुडबुड करत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही.

"यात काय भरलं होतं माहितेय?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "कशासा."

कशासा म्हणजे उसाची कडक दारू.

"वासावरूनच कळलं. माझ्या बापाच्या तोंडाला यायचा तोच वास. पोरगं तिथवर पोचलं होतं तर. नील्झाला सांगितलं नाही मी. ओतून टाकली, नळी धुतली आणि आपल्या झऱ्याचं पाणी भरलं. उकाड्याने आटतं बघ, रोज सकाळी थोडं घालावं लागतं."

"तो कशासा पीत नव्हता, लाउरो."

"मग नळीत कशाला ठेवेल कुणी?"

याचं उत्तर मला माहीत होतं. एव्हान्द्रोनेच सांगितलं होतं. पिंप गार झालं की आतली हवा आक्रसते आणि नळीत जे असेल ते आत ओढून घेते. पाणी गेलं तर बिअर नासते, कशासा गेली तर काही बिघडत नाही. पाणी आटत नव्हतं. बाप रोज सकाळी ते मुलाच्या बिअरमध्ये घालत होता.

आता सांगून काय उपयोग, असं मनाशी म्हणून मी गप्प राहिलो.

मार्चच्या पहिल्या शनिवारी साठ माणसं ढोलाशिवाय चालत आली. रस्त्यावर फक्त बुटांचा आवाज होता. फाटकाशी नील्झाने पावाच्या चकत्या मांडल्या होत्या. लाउरोने तोटी सोडून पहिला ग्लास आडेमारला दिला. आडेमारने घोट घेतला. क्षणभर त्याचा जबडा हलला नाही. मग त्याने ग्लास रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

"अजून द्या, लाउरो. राजाची आहे."

त्याच्यामागे सगळे प्यायले. शिरक्यासारखी आंबट होती. एकानेही ग्लास खाली ठेवला नाही.

मिरवणूक मंडळाकडे गेली, मी मागे थांबलो. लाउरोने एक ग्लास स्वतःसाठी भरला आणि माझ्याकडे बघत घोट घेतला. त्याचं तोंड वाकडं झालं.

"अशी आंबट असायची?"

"हो," मी म्हणालो. "त्याची अशीच असायची."

"आणि लोकांना आवडायची?"

"फार."

त्याने डोळे मिटून ग्लास संपवला. "एवढ्यासाठी चार वर्षं मी शेडबद्दल बोललो नाही," तो म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी तो तोटीखाली दोन ग्लास धरतो. "ये, पोराची घे," म्हणतो, आणि आम्ही शेडमध्ये बसून पितो. आता चव कळायला लागली, असं परवा म्हणाला.

माझ्या फ्रिजमध्ये, मागच्या कोपऱ्यात, एव्हान्द्रोने ऑगस्टमध्ये दिलेली एक बाटली आहे. त्याच्या अक्षरातल्या चिठ्ठीची. ती चांगली आहे. काही काढताना ती पुढे येते तेव्हा मी तिला पुन्हा मागे सरकवतो.